किती ठेवू, सर?

परवा केस कापायला गेलो होतो. माझं डोकं पाहिलेला कुणीही विचारेल, की कापायला उरलंय काय? प्रश्न रास्त आहे. वयाच्या शहात्तराव्या वर्षी माझ्याकडे जी केशसंपदा शिल्लक आहे ती एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मागच्या बाजूने, चंद्रकोरीसारखी. वर सगळं माळरान. माझ्याआधी खुर्चीत एक कॉलेजकुमार बसला होता. त्याच्या डोक्यावर घनदाट अरण्य. पण दर दोघांनाही एकच, ८० रुपये. मी गमतीनं म्हटलं, "अरे, मला अर्धं तिकीट नाही का?"

तो हसला नाही. कात्री थांबवून म्हणाला, "सर, खरं तर तुमचे जास्त घ्यायला पाहिजेत. त्याच्या डोक्यात एखादी कात्री चुकली तर वरच्या केसाखाली झाकून जाते. तुमच्यात झाकायला काय आहे?"

मला एकदम पटलं. पानभर निबंध लिहिणाऱ्याच्या चार चुका खपून जातात, एका वाक्यात उत्तर लिहिणाऱ्याला तेवढी सवलत नसते, हे मी पस्तीस वर्षं वह्या तपासून शिकलो होतो. ते डोक्यालाही लागू आहे हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

हा आमचा केशकर्तनकार माझा विद्यार्थी. नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. १९८६ साली तो आठवीत होता आणि मी त्यांना मराठी आणि इतिहास शिकवत होतो. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. त्याचे वडील आधी धोकटी घेऊन घरोघर जायचे; बलुत्याचे पायली-दोन पायली धान्य मिळण्याचे दिवस त्यांनी पाहिलेले. पुढे त्यांनी स्टँडजवळ एक टपरीवजा दुकान टाकलं. आता त्याच जागी काचेचं दार, फिरत्या खुर्च्या आणि मोठे आरसे आहेत. भिंतीवर मात्र वडिलांचा फोटो आणि त्याच्या शेजारी संत सेना महाराजांची तसबीर, पहिल्यापासून होती तशीच.

मी गेली वीसेक वर्षं त्याच्याकडेच केस कापतो, आणि निवृत्त माणसाला भरपूर वेळ असल्यामुळे नंबर यायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाकावर बसून त्याचं काम बघतो. इतकं बघून माझ्या लक्षात आलेली गोष्ट अशी, की तो कात्री फार उशिरा उचलतो. गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हापासून त्याचं बघणं सुरू असतं. हा टोपी घालतो का, हेल्मेट घालतो का, चष्मा आहे का, कपाळावर हात फिरवायची सवय आहे का. खुर्चीत बसवून अंगावर कापड टाकलं की तो कंगवा न घेता नुसती बोटं केसांतून फिरवतो. भोवरा कुठे आहे ते शोधतो. काहींच्या डोक्यात दोन भोवरे असतात (त्यांची दोन लग्नं होतात असं आमची आजी म्हणायची, ते सोडा). भोवऱ्याजवळचे केस फार आखूड कापले तर ते उभेच राहतात, मग तेल लावा नाहीतर पाणी. म्हणून तिथे बोटभर जास्तच ठेवायचे. कुरळे केस असतील तर ओले करून कापताना सांभाळायचं, कारण ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडून वर जातो. ओल्यात बरोबर दिसलेली लांबी वाळल्यावर इंचभर कमी भरते आणि गिऱ्हाईक तोंड पाडून घरी जातं.

हे सगळं झाल्यावर तो विचारतो, "किती ठेवू?"

लक्षात घ्या, "किती कापू?" असं विचारत नाही. बाकी सगळीकडे "बारीक की मध्यम?" एवढाच प्रश्न असतो, आणि तोही मशीन सुरू झाल्यावर. मी एकदा त्याला याबद्दल विचारलं. तो म्हणाला, "वडिलांची शिकवण आहे सर. कापलेले खाली पडणार, झाडूनं जाणार. माणूस घेऊन जाणार ते ठेवलेले. मग विचारायचं कशाबद्दल?"

दुसरी त्याची शिस्त तारखेची. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात, सेंटीमीटरमध्ये सांगायचं तर एक ते सव्वा. पुरुषाच्या आखूड केसांचा आकार त्या हिशेबानं चार-पाच आठवडे टिकतो. सगळ्यात आधी कान आणि मान चुगली करतात. म्हणून त्याचं सांगणं, की पाच आठवड्यांनी या, थोडंच कापू. त्याच्या वहीत आम्हा जुन्या गिऱ्हाइकांच्या तारखा लिहिलेल्या असतात. (मोबाईल आहे, पण वही सुटलेली नाही. शाळेचा संस्कार, असं मी समजतो.)

आमच्या पिढीची रीत याच्या नेमकी उलट होती. माझे वडील आम्हा भावंडांना रांगेत बसवून सांगायचे, "एकदाच बारीक करून टाका, दोन महिने बघायला नको." पैसे वाचायचे हे खरं. पण मग पहिले पंधरा दिवस आम्ही सोललेल्या नारळासारखे दिसायचो, मधले पंधरा दिवस माणसासारखे आणि शेवटचा महिना अस्वलासारखे. वर्षभर पुस्तक उघडायचं नाही आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागायचं, त्यातलाच हा प्रकार. मी स्वतः नोकरीत असेपर्यंत असाच वागलो. आता महिना-सव्वा महिन्यानं जातो आणि मला काय जाणवतं सांगू? मी केस कापून आलो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सौभाग्यवतीसुद्धा विचारत नाही. पूर्वी मला याचं वाईट वाटलं असतं. हल्ली तीच कामाची पावती वाटते.

वारंवार कापल्यानं केस दाट होतात, जोमानं वाढतात, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं, बाहेर दिसतो तो भाग निर्जीव. त्याला कात्रीची खबरही लागत नाही. जावळ काढलं की बाळाचे केस दाट येतात असं आपण म्हणतो, ते बाळाचं वय वाढत असतं म्हणून. आणि वस्तऱ्यानं काढलेले केस राठ वाटतात ते टोक बोथट कापलं गेल्यामुळे. रोज पन्नास-शंभर केस गळणं हेही सामान्यच. कंगव्यात चार केस दिसले की घाबरून तेलाच्या बाटल्या आणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नियमित छाटणीचा खरा फायदा लांब केसांना. टोकं दुभंगली की ती कशानंही सांधत नाहीत, जाहिरातीतली बाई काहीही म्हणो. ती कापावीच लागतात. आमच्या सौभाग्यवतीची वेणी अजून कमरेपर्यंत आहे, तिचं कारण ती दर तीन महिन्यांनी अंगणात बसून सुनेकडून अर्धा-पाऊण इंच कापून घेते, हे आहे. वाढवायचे असतील तर थोडे कापत राहा, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. गुलाब लावणाऱ्याला मात्र लगेच समजतं.

या कामाची किंमत सगळ्यांना एकदमच कळली ती २०२० साली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि दुकानं बंद. महाराष्ट्रात सलून उघडायला २८ जून उजाडला, आणि तेव्हाही परवानगी फक्त केस कापण्याची, दाढी नाही. मधल्या तीन महिन्यांत घरोघरी जे प्रयोग झाले त्यात आमचंही घर होतं. सौभाग्यवतीनं शिवणकामाची कात्री घेतली, मी आरसा धरला. उजवी बाजू जास्त गेली म्हणून डावी कमी केली, मग डावी जास्त गेली. माकड आणि दोन मांजरांच्या गोष्टीतला लोण्याचा गोळा आठवा. शेवटी मुलगा म्हणाला, "आता थांबा, नाहीतर बाबांचे कान जातील." त्या तीन महिन्यांत आमचा विद्यार्थी मात्र घरी बसून होता. रोजच्या कमाईवर चालणारा धंदा. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "सर, लोक म्हणतात केस वाढलेत, कधी उघडतोयस. तू कसा आहेस असं विचारणारे तुम्ही तिसरे." जूनअखेर दुकान उघडल्यावर मी गेलो. तोंडाला मास्क, हातात मोजे. त्यानं माझं डोकं चारी बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "बाईंनी कापले?" मी हो म्हटलं. म्हणाला, "नीट करायला दोन वेळा यावं लागेल. आज सगळं सारखं करायला गेलो तर काहीच उरणार नाही."

त्याचा मुलगा पुण्याला जाऊन रीतसर प्रशिक्षण घेऊन आला आहे. त्यानं एकदा मोबाईलवर आम्हा दोघांना व्हिडाल ससून या लंडनच्या केशकर्तनकाराबद्दलची चित्रफीत दाखवली. ससून म्हटलं की आम्हाला पुण्याचं इस्पितळ आठवतं, पण हे गृहस्थ वेगळे. १९२८ साली जन्मले, २०१२ साली गेले. लहानपणाची काही वर्षं अनाथाश्रमात काढली आणि चौदाव्या वर्षी एका दुकानात उमेदवारीला लागले. १९५४ साली लंडनच्या बाँड स्ट्रीटवर स्वतःचं सलून काढलं. तोवर तिकडच्या बायका आठवड्याला सलूनमध्ये जाऊन केस गुंडाळून घ्यायच्या, तापलेल्या टोपाखाली बसायच्या आणि वर फवारा मारून ते घट्ट बसवायच्या. या माणसानं १९६० च्या दशकात म्हटलं, की कापच असा पाहिजे की केस धुवून नुसते झटकले तरी आपोआप जागेवर पडावेत. त्यासाठी चेहऱ्याची हाडं बघायची, केस कोणत्या दिशेला पडतात ते बघायचं आणि मग कात्री लावायची. चित्रफीत संपल्यावर आमचा विद्यार्थी थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "वडीलपण हेच करायचे. पिंपळाच्या पारावर बसून."

त्याच्या वडिलांबद्दल लिहायचं म्हणूनच खरं तर आज बसलो आहे. इतका वेळ इकडचं तिकडचं बोललो, कारण पुढचं लिहायला जड जातंय.

१९८६ सालीच घडलेली गोष्ट. आमच्या शाळेत दर शनिवारी नखं आणि केस यांची तपासणी असे. मुलांचे केस कानावर येता कामा नयेत असा दंडक होता. कानावर झुलपं ठेवण्याची तेव्हा पोरांत चढाओढ असे, आणि आम्हा शिक्षकांना त्यात उद्धटपणा दिसे. आठवीत एक मुलगा होता, अबोल, मागच्या बाकावर बसणारा. त्याच्या डाव्या कानावर केस होते. मी तीन शनिवार सांगितलं. तो मान खाली घालून "हो सर" म्हणायचा आणि पुढच्या शनिवारी तसाच यायचा. चौथ्या शनिवारी मी कार्यानुभवाच्या कपाटातली कात्री मागवली, त्याला फळ्यासमोर उभं केलं आणि डाव्या बाजूची झुलपं कचाकचा कापली. वर्ग हसला. मीही हसलो. मग केस खाली पडले आणि कान दिसला. लहानपणी उकळत्या पाण्यानं भाजून आक्रसलेला, वरची पाळी नसलेला कान. काही मुलं गप्प झाली, काही आणखी हसली. मी त्याला जागेवर जायला सांगितलं आणि धडा पुढे चालू केला. कोणता धडा होता ते आठवत नाही.

त्याच संध्याकाळी माझ्या विद्यार्थ्याचे वडील घरी आले. मी आत बोलावलं, पण ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "सर, त्या पोराचे केस मी चार वर्षं राखत होतो. तुम्हाला वाढलेले वाटले, पण ते कापलेलेच होते. दर महिन्याला मापानं कापायचो, कान झाकंल एवढेच. आता ते परत कानावर यायला सहा महिने लागत्यात. तवर काय करायचं त्यानं?" मला उत्तर सुचेना. मी शिस्त, नियम असं काहीतरी म्हणालो. ते म्हणाले, "नियम असंल. पण एवढी विनंती हाय, कात्री आमच्याकडंच राहू द्या."

आणि गेले.

मी इतिहासाचा शिक्षक. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिकांची सभा झाली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं त्या लोकांनी ठरवलं, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात मोठ्या आवेशानं सांगत असे. ज्यांचं पोटच वस्तऱ्यावर, त्यांनी वस्तरा खाली ठेवला, बघा, असं म्हणत असे. दुसऱ्याच्या डोक्याला त्याच्या मनाविरुद्ध हात लावायचा नाही, हे त्यात आहे असं मी मुलांना समजावत होतो. आणि कपाटातली कात्री मागवणारा मीच.

त्या मुलाला मी सहा महिने वर्गात टोपी घालायची परवानगी दिली. तेवढंच केलं. माफी मागितली नाही. शिक्षकानं विद्यार्थ्याची माफी मागायची असते, हे तेव्हा आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, आणि माझं मलाही सुचलं नाही. तो १९८९ साली दहावी झाला आणि पिंपरीला कारखान्यात लागला असं कानावर आलं.

आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई आहे. तरी अमुक शाळेत मुलांचे केस कापले, तमुक ठिकाणी मुलीची वेणी कापली अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात, आणि खाली माझ्याच वयाचे लोक म्हणतात, की आमच्या वेळी असंच होतं, म्हणून आम्ही सुधारलो. मी त्यांच्याशी वाद घालतो. ते म्हणतात तुम्ही शिस्तीच्या विरुद्ध झालात. अजिबात नाही. व्यवस्थित कापलेले केस मला आजही आवडतात, आणि उवांनी भरलेली डोकी मी वर्गात पुरेशी पाहिली आहेत. पण शाळेनं घरी चिठ्ठी पाठवावी, आठवडाभर थांबावं, मुलाला बाजूला घेऊन विचारावं. चार वर्षांत त्याच्या गावच्या नाभिकाला जे दिसलं होतं ते मला चार शनिवारांत दिसलं नाही, कारण मी फक्त लांबी बघत होतो. पट्टी लावून बघितल्यासारखी.

हे सगळं मी माझ्या विद्यार्थ्याशी इतक्या वर्षांत कधी बोललो नव्हतो. तोही त्याच वर्गात होता, त्यालाही सगळं माहीत. परवा अर्ध्या तिकिटाची थट्टा झाल्यावर, कॉलेजकुमार पैसे देऊन गेला आणि दुकानात आम्ही दोघंच उरलो, तेव्हा मी विचारलं. तो मुलगा कुठे असतो, काही कळतं का?

कात्री चालू ठेवूनच तो म्हणाला, "येतो की. दर दिवाळीला गावी येतो, तेव्हा केस माझ्याकडेच कापतो. आता मुलीचं लग्न झालंय त्याच्या."

"कानावर ठेवतो अजून?"

"नाही सर. पंचवीस वर्षं झाली, बारीकच ठेवतो. मीच विचारलं होतं पहिल्यांदा, किती ठेवू. म्हणाला, दिसू दे."

मग त्यानं मागे आरसा धरून मला माझी मान दाखवली, ब्रशनं पावडर झटकली आणि वही काढली. पाच आठवड्यांनंतरची तारीख दिवाळीनंतरची येत होती. मी म्हटलं, अलीकडची दे, तो येतो त्या दिवसाची. तो म्हणाला, "सर, तोवर वाढणार नाहीत तुमचे." मग थोडं थांबून त्यानं वहीत लिहिलं, आणि म्हणाला, "बघू. मानेवरची लव तेवढी काढू."